पत्ता किती वेळ धरून ठेवायचा?

अगं, तुझा मेसेज सावकाश वाचला. लॅबमध्ये सकाळी काही मशीनवर नेट चालतं, काहींवर चालत नाही. राउटर बंद करून चालू केला की बंद पडलेली मशीन चालू होतात आणि चालू असलेली बंद पडतात. सर म्हणतात लाइन खराब आहे, लाइनवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक आहे, आणि या दोघांच्या मधे तू. नोकरी नवी, समोर साठ मुलं खोळंबलेली, सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे. अशा वेळी जीव कसा टांगणीला लागतो ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून फोनवर घाईघाईत सांगण्याऐवजी लिहूनच पाठवते आहे. निवांत बसून वाच.

तू पाठवलेलं कॉन्फिगरेशन बघितलं. मला तरी लाइनचा दोष दिसत नाही. तुमच्या राउटरवर डायनॅमिक नॅट लावलेलं आहे, पूलमध्ये १४ पब्लिक पत्ते आहेत, आणि नॅटच्या ओळीच्या शेवटी ‘ओव्हरलोड’ हा शब्द नाही. तुझा सगळा त्रास इथून सुरू होतो.

‘ओव्हरलोड’ लिहिलेलं असतं तर राउटरने एकाच पब्लिक पत्त्यावर पोर्ट नंबर बदलून बदलून सगळी लॅब बाहेर सोडली असती. तो शब्द नसला की एका मशीनला अख्खा एक पत्ता द्यावा लागतो. सकाळी जी पहिली १४ मशीन बाहेर काही मागतील त्यांना पत्ते मिळतात, पंधराव्याला द्यायला राउटरकडे काही उरत नाही आणि तो त्या मशीनचं पॅकेट सरळ टाकून देतो. इथवर ठीक होतं. खरी गोम पुढे आहे. त्या चौदांपैकी एखाद्या मुलाने काम उरकून मशीन बंद केलं, तरी त्याचा पत्ता लगेच मोकळा होत नाही. सिस्कोच्या आयओएसमध्ये अशा एन्ट्रीचा टाइमआउट मूळचाच ८६,४०० सेकंद असतो, म्हणजे पुरते २४ तास. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, माणूस मात्र गाडीत चढूच नये आणि बाकीच्यांनी उभ्याने प्रवास करावा, असा हा प्रकार आहे. राउटर रिस्टार्ट केला की टेबल पुसलं जातं, पुन्हा जो आधी येईल त्याला पत्ता. म्हणून मशीनची अदलाबदल होते.

आता लगेच टाइमआउट कमी करायला धावू नकोस. आधी डोळ्यांनी बघ. ‘शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स व्हर्बोस’ ही कमांड मार. प्रत्येक एन्ट्रीखाली एक ओळ येईल. त्यात ‘क्रिएट’च्या पुढे ही एन्ट्री केव्हा तयार झाली ते असतं, ‘यूज’च्या पुढे ती शेवटची केव्हा वापरली गेली, आणि ‘लेफ्ट’च्या पुढे किती वेळ उरला आहे. टाइमआउटचा आकडा तिथे ८६४००००० असा दिसला तर दचकू नकोस, तो मिलिसेकंदात छापलेला असतो. कॉन्फिगरेशनमध्ये मात्र आपण सेकंदच लिहायचे. तुझं सगळं लक्ष ‘यूज’वर हवं. ‘यूज’ पाच तासांचा आणि ‘लेफ्ट’ एकोणीस तासांचा असेल, तर हा पत्ता पाच तास कुणी वापरलेला नाही आणि अजून एकोणीस तास कुणाला मिळणारही नाही. अशा ओळी किती आहेत त्या मोज.

मग ‘शो आयपी नॅट स्टॅटिस्टिक्स’ बघ. शेवटी पूलची ओळ येते: एकूण पत्ते किती, त्यातले दिलेले किती, आणि ‘मिसेस’ किती. हा ‘मिसेस’ म्हणजे पूलमधून पत्ता मागितला आणि मिळाला नाही असं किती वेळा झालं त्याची मोजणी. वर ‘हिट्स’च्या शेजारी आणखी एक ‘मिसेस’ असतो, तो वेगळा. टेबलमध्ये आधीची एन्ट्री नव्हती म्हणून नवी करायला जावं लागलं, एवढंच तो सांगतो. तो वाढत राहणं साहजिक आहे. पूलच्या ओळीतला वाढायला लागला की समज, कुणीतरी दाराबाहेर उभं आहे.

या दोन कमांडमधून तुला जे कळेल त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून मी एवढा आग्रह धरते आहे. टाइमआउट फक्त विनाकारण अडवलेली जागा सोडवतो. एका वेळी साठ मुलं खरोखरच नेट वापरत असतील आणि पत्ते चौदाच असतील, तर टाइमआउट एक तासाचा कर, दहा मिनिटांचा कर, नाहीतर एक मिनिटाचा कर, शेहेचाळीस मुलं उपाशीच राहणार. टाइमआउट खूपच आखडलास तर उलट जास्त वाईट होईल. मुलगा दोन मिनिटं वाचत बसला की त्याचा पत्ता दुसऱ्याकडे जाईल, आणि मग चौदांपैकीही कुणाचं धड चालणार नाही. आळीपाळीने येणाऱ्या बॅचेस असतील, सकाळची गेली आणि दुपारची आली, तर मात्र हाच आकडा सगळं सुरळीत करू शकतो.

म्हणून सरांना आधी एक प्रश्न विचार: प्रत्येक मशीनला वेगळा पब्लिक पत्ता देण्याचं काही कारण आहे का? कधी कधी असतं. समोरची संस्था ठराविक पत्त्यांनाच आत घेते, किंवा एखादा जुना प्रोटोकॉल असतो ज्याला पोर्ट नंबरच नसतो आणि ‘ओव्हरलोड’ त्याच्यावर चालत नाही. कारण असेल तर त्या मोजक्या मशीनसाठी हा पूल राखून ठेव आणि बाकीची लॅब ‘ओव्हरलोड’वर टाक. कारण नसेल, आणि माझा अंदाज आहे की नसेल, तर सगळ्यांनाच ‘ओव्हरलोड’वर घे. एका पब्लिक पत्त्यावर टीसीपीचे आणि यूडीपीचे प्रत्येकी साठ हजारांहून जास्त पोर्ट मिळतात. साठ मशीनच्या लॅबला ते पुरून उरतात.

पूल ठेवावाच लागला तर टाइमआउट तुमच्या तासिकेला धरून ठेव. प्रॅक्टिकल दोन तासांचं असेल तर मी ३६०० सेकंदांपासून सुरुवात करीन. हा वेळ शेवटच्या पॅकेटपासून मोजतात, हे पक्कं लक्षात ठेव. मुलगा काम करतो आहे तोवर प्रत्येक पॅकेटला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे त्याचं मधेच तुटत नाही. याची दुसरी बाजूही बघ. लॅबमधलं मशीन कुणी बंद केलंच नाही, तर समोर माणूस नसतानाही ते अँटिव्हायरसचं अपडेट विचारतं, वेळ जुळवून घेतं, उघड्या राहिलेल्या टॅबमधली मेल तपासतं. दर काही मिनिटांनी एक पॅकेट जातं आणि पत्ता त्याच्याकडेच राहतो. अशा मशीनपुढे ३६०० सेकंदांचा काही उपयोग नाही. तिथे लॅब असिस्टंट काकांना प्रेमाने सांगून तासिका संपली की मशीन शटडाउन करून घ्यावी लागतात. काही राउटरवर तर बाहेरून आलेल्या पॅकेटनेही एन्ट्री ताजी होते. पब्लिक पत्त्यांवर दिवसभर कुणी ना कुणी दार वाजवून बघतच असतं, म्हणून हेही तपासून घे.

वाय-फायवर मुलांचे लॅपटॉप येत असतील तर डीएचसीपीची लीज किती आहे तेही पाहा. लीज दोन तासांची आणि नॅटची एन्ट्री चोवीस तासांची असं असेल, तर एकच लॅपटॉप दुपारी नवा आतला पत्ता घेऊन येतो आणि दुसरा पब्लिक पत्ता धरतो. सकाळचा आधीच अडकलेला असतो. एक मुलगा, दोन पत्ते. ही जोडी जुळवून ठेवली नाही तर पूल का आटला ते शोधत तू दिवसभर फिरशील.

आता ‘ओव्हरलोड’वर गेल्यावरची गोष्ट. इथे अनेक जण अडकतात, म्हणून जरा थांबून वाच. आयओएसमध्ये नुसत्या ‘आयपी नॅट ट्रान्सलेशन टाइमआउट’ या कमांडचा ‘ओव्हरलोड’च्या एन्ट्रींशी संबंध नाही. ती साध्या डायनॅमिक एन्ट्रींसाठी आहे. ‘ओव्हरलोड’ला प्रत्येक प्रोटोकॉलचं घड्याळ वेगळं असतं: टीसीपीला २४ तास, यूडीपीला ३०० सेकंद, डीएनएसला ६०, आयसीएमपीला म्हणजे आपल्या पिंगला ६०, आणि टीसीपीचं कनेक्शन रीतसर बंद झालं किंवा रीसेट झालं की त्यानंतर ६०. हे सगळे मूळचे आकडे ‘शो रन’मध्ये दिसत नाहीत, बदललेलेच दिसतात. म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये ओळ नाही याचा अर्थ टाइमआउट नाही असा लावू नकोस.

यातला यूडीपीचा आकडा सगळ्यात नाजूक. टीसीपीमध्ये कनेक्शन कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते राउटरला पॅकेटमध्येच दिसतं. यूडीपीला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, राउटरने फक्त अंदाज बांधायचा. २००७ सालच्या आरएफसी ४७८७ मध्ये लिहिलं आहे की यूडीपीची एन्ट्री दोन मिनिटांच्या आत पुसू नये, आणि शिफारस पाच मिनिटांची किंवा त्याहून जास्तीची आहे. आयओएसचे ३०० सेकंद त्याच्याशी जुळतात. लिनक्सवर बांधलेल्या राउटरचं गणित वेगळं. तिथे एकतर्फी यूडीपीला मूळचे ३० सेकंदच मिळतात, दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं की जास्त. तुमच्या ऑफिसात आयपी फोन असतील आणि ‘इथून फोन लागतो, पण बाहेरून आलेला वाजत नाही’ अशी तक्रार आली, तर सगळ्यात आधी इथे बघ. फोन सर्व्हरकडे तासाने एकदा नोंदणी करतो, राउटर मात्र काही मिनिटांत ती वाट विसरतो, आणि येणारा कॉल भिंतीवर आपटतो. उपाय फोनच्या सेटिंगमध्ये आहे. कीप-अलाइव्ह चालू कर आणि त्याचा वेळ राउटरच्या यूडीपी टाइमआउटपेक्षा कमी ठेव. वायरगार्ड व्हीपीएनच्या कागदपत्रांत नॅटमागे असताना २५ सेकंदांचा कीप-अलाइव्ह सुचवलेला आहे, तो याच कारणासाठी. बहुतेक राउटरच्या आतच तो बसतो.

टीसीपीच्या २४ तासांकडे पाहून मात्र कुणीतरी तुला सांगेल, ‘एवढा कशाला, पाच मिनिटं कर, टेबल हलकं राहील.’ ऐकू नकोस. ऑफिसमधल्या कुणीतरी सकाळी फीच्या सॉफ्टवेअरचं कनेक्शन बाहेरच्या सर्व्हरशी उघडलेलं असतं आणि मधला एक तास त्यावर काहीच हालचाल नसते. राउटर एन्ट्री पुसतो तेव्हा बहुतेक वेळा तो दोन्हीपैकी कुणालाही कळवत नाही. सॉफ्टवेअरला वाटतं कनेक्शन जिवंत आहे, ते पॅकेट पाठवतं, उत्तर येत नाही, पुन्हा पाठवतं. लिनक्सच्या मूळ सेटिंगवर हा खेळ पंधराएक मिनिटं चालू शकतो आणि मग एरर येते. तोवर खिडकीपुढे पालकांची रांग लागलेली असते, आणि लोक सर्व्हरला दोष देत राहतात.

याचाही एक आकडा ठरलेला आहे. २००८ सालची आरएफसी ५३८२ सांगते की सुरू असलेल्या टीसीपी कनेक्शनचा टाइमआउट दोन तास चार मिनिटांपेक्षा कमी नसावा. सेकंदात ७४४०. हा चमत्कारिक वाटणारा आकडा आला कुठून, तर १९८९ च्या आरएफसी ११२२ नुसार टीसीपीचा कीप-अलाइव्ह मूळच्या सेटिंगमध्ये दोन तासांपेक्षा लवकर जाऊ नये. दोन तास थांबून तो पहिला कीप-अलाइव्ह निघायला, वर चार मिनिटं प्रवासाला आणि पुन्हा प्रयत्नाला. पण त्याच ११२२ मध्ये हेही आहे की कीप-अलाइव्ह मुळात बंद असावा, अॅप्लिकेशनने मागितला तरच चालू व्हावा. म्हणजे ७४४० ठेवूनही न मागणारं सॉफ्टवेअर तुटू शकतं. तेव्हा २४ तासांवरून खाली यायचंच असेल तर ७४४० च्या खाली जाऊ नकोस, आणि ज्या सॉफ्टवेअरला त्रास होतो त्याच्या बाजूने कीप-अलाइव्ह चालू करून घे.

तुमच्या राउटरपुढे सेवा देणाऱ्या कंपनीचंही नॅट असू शकतं, समोर क्लाउडचंही. अॅमेझॉनच्या क्लाउडमधला नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन सोडून देतो. वाटेत जेवढे टप्पे असतील त्यातला सगळ्यात छोटा टाइमआउट खरा, बाकीच्यांना अर्थ उरत नाही. तू तुझ्या राउटरवर कितीही उदार झालीस तरी पुढच्याला तुझं काही देणंघेणं नसतं. कीप-अलाइव्ह ठरवताना या सगळ्यात छोट्या आकड्याच्या खाली ठरव.

टेबल खरंच भरत असेल तर टाइमआउटकडे वळण्याआधी कोण भरतंय ते शोध. एकाच आतल्या पत्त्याच्या शेकडो एन्ट्री आणि प्रत्येकीचा बाहेरचा पत्ता वेगळा, असं दिसलं तर ते मशीन व्हायरसने धरलेलं असण्याची शक्यता मोठी. आयओएसमध्ये ‘मॅक्स-एन्ट्रीज’ने प्रत्येक मशीनला मर्यादा घालता येते. एका मशीनमुळे साऱ्या लॅबचे टाइमआउट आखडणं मला अन्यायाचं वाटतं.

आकडे घालताना एकक बघत जा, हे कळकळीने सांगते. आयओएसमध्ये सेकंद. सिस्कोच्याच एएसए फायरवॉलमध्ये तास, मिनिटं, सेकंद असे अपूर्णविरामाने तोडून लिहितात, आणि तिथे ‘एक्सलेट’चा मूळ टाइमआउट तीन तासांचा असतो. एकीकडचा आकडा दुसरीकडे तसाच चिकटवला की वाट लागते. आणि आयओएस ‘नेव्हर’ हा शब्दही घेतं, म्हणजे एन्ट्री कधीच पुसायची नाही. डायनॅमिक पूलवर तो कधीही लिहू नकोस.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे नवी मुलं लक्ष देत नाहीत. टाइमआउट कमी केलास की एकच पब्लिक पत्ता दिवसात जास्त हातांतून फिरतो. उद्या सायबर पोलिसांचं पत्र आलं की अमुक पत्त्यावरून अमुक वेळी कोण होतं ते सांगा, तर उत्तर तुझ्याकडे हवं. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार लॉग १८० दिवस आणि भारतातच ठेवायचे असतात, घड्याळंही एनटीपीने जुळलेली हवीत. तुमच्या ट्रस्टला तो कसा लागू होतो ते ऑफिसला लेखी विचार. पण लागू असो नसो, नॅटचे लॉग सिसलॉग सर्व्हरवर पाठवायला सुरुवात कर, आणि ‘ओव्हरलोड’ असेल तर त्यात पोर्ट नंबर येतोच आहे ना ते बघ. तो नसला तर साठ मुलांपैकी कुणाचंही नाव पुढे येऊ शकतं, आणि न केलेल्या गोष्टीचा जाब एखाद्या पोराला द्यावा लागू नये, ही आपली जबाबदारी आहे.

प्रत्यक्ष बदल करशील तो कॉलेज सुटल्यावर कर. पूल किंवा नॅटची ओळ वापरात असताना काढायला गेलीस तर राउटर नकार देतो, आधी ‘क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन’ मारून एन्ट्री पुसाव्या लागतात. पुढे ताराचिन्ह दिलं की सगळ्यांच्याच पुसल्या जातात आणि चालू असलेली कामं तुटतात. ऑनलाइन परीक्षा चालू असताना ही कमांड मारायची नाही, कुणीही कितीही घाई केली तरी. बदलाआधी जुनं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवून घे. एका वेळी एकच आकडा बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि जमलं की सेव्ह कर. पहिल्यांदा वीज गेली की न सेव्ह केलेलं सगळं जातं.

सरांशी बोलताना आयपीव्ही६ चा विषयही काढून ठेव. नॅटची कल्पना मांडणारी आरएफसी १६३१ मे १९९४ ची आहे, आणि तिथेही ते तात्पुरत्या उपायासारखंच मांडलं होतं. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेचा नेहमीचा पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये आटला. चौदाचे अठ्ठावीस करून मागणं सोपं राहिलेलं नाही. आयपीव्ही६ वर प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता मिळतो आणि टाइमआउटची ही कसरत त्या वाटेवर लागत नाही. फायरवॉल मात्र लागते, ती विसरू नकोस.

आता तू एवढंच कर. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज सकाळची बॅच ऐन भरात असताना आणि दुपारची बसल्यावर, असा दोनदा पूलचा ‘मिसेस’ लिहून ठेव. शेजारी त्या वेळी खरोखर चालू असलेल्या मशीनची संख्या लिही. काहीही बदलू नकोस. शनिवारी तो कागद मला पाठव, आपण दोघी मिळून आकडा ठरवू.